टोळ्या निघण्यापूर्वी

कोल्हापूर,
५ सप्टेंबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दसरा महिन्यावर आला. तुमच्या बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांनी मुकादमांकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली असेल आणि दिवाळी होते न होते तोच त्या आमच्या कागल-शिरोळच्या उसाच्या फडांत उतरतील. त्याआधी तुझ्याकडे एक काम आहे.

गेल्या जानेवारीत आमच्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेने, आठ महिन्यांच्या एका गरोदर बाईला फडातून आमच्या आरोग्य केंद्रात आणले. हिमोग्लोबिन ६.८. गरोदरपणाच्या तपासण्यांचे कार्ड विचारले तर म्हणाली, "गावाकडं, पेटीत." हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेले म्हणजे तीव्र रक्तक्षय, त्यामुळे तिला कोल्हापूरच्या सीपीआर या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवणे भाग होते, पण नवरा-बायको मिळून मजुरीचा एक कोयता धरतात, ती उठली की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. मुकादमाशी भांडून तिला पाठवले. (भांडण मला जमत नाही, हे तू जाणतोसच; ते आशाताईंनी केले.)

बाळंतपण सुखरूप झाले. मूल २.१ किलोचे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती, औषधे, रक्त आणि घरी सोडणारे वाहन मोफत आहे. मात्र या बाईचे घर म्हणजे फडाच्या बांधावरची पाचटाची कोपी. दवाखान्यातील प्रसूतीनंतर आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहायचे असते. तिसऱ्या दिवशी आशाताई बाळाला उबेत कसे गुंडाळायचे, ते दाखवून आल्या. सातव्या दिवशी वजनकाटा घेऊन गेल्या, तेव्हा फड संपवून टोळी पुढे गेली होती. चुलीचे तीन दगड तेवढे उरले होते. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

तुझ्या केंद्राच्या नोंदवहीत अशा बाईपुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि माझ्या नोंदवहीत तिचे नावच नसते. म्हणून टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक गरोदर बाईच्या कार्डाचा फोटो, प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि ती कोणत्या कारखान्याला निघाली आहे, एवढे मला मोबाइलवर पाठव. लोहाच्या गोळ्या हंगामभर पुरतील इतक्या तिच्याजवळ दे, आणि कार्ड पेटीत न ठेवता बरोबर घ्यायला सांग. यादी अपुरी असली तरी चालेल. मुकादमांचे नंबर मात्र स्वतः लावून पाहा, ते हंगामागणिक बदलतात.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना खोलीसोबती