58 की 60? बाबांना टोकियोहून पत्र

टोकियो, फेब्रुवारी 2026

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर राज्य सरकारी नोकरांच्या निवृत्तीच्या वयावरून तुमचं आणि छोटूचं चांगलंच जुंपलं. वय वाढलं तर नोकरी शोधणाऱ्या आमच्यासारख्यांच्या जागा अडतील, हे त्याचं म्हणणं. मी मध्ये बोलले नाही, कारण दोघंही रागात होतात. म्हणून सावकाश लिहिते आहे. हे पत्र त्यालाही वाचायला द्या.

केंद्राने 1998 मध्ये निवृत्तीचं वय 58 चं 60 केलं, मग राज्याने का करू नये, हे तुमचं म्हणणं. तुमचा कर्मचारी-अधिकाऱ्यांचा महासंघ किती वर्षं ही मागणी करतोय, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यात मला अन्यायही दिसतो. तुमच्या कचेरीतले शिपाईकाका तुमच्याच वयाचे, त्यांचीही जन्मतारीख 1 जूनच. पण ते गट ड मध्ये, म्हणून त्यांना 60 पर्यंत नोकरी. जिल्हाधिकारी अखिल भारतीय सेवेतले, त्यांनाही 60. मधले तुम्ही सगळे मात्र 58 ला घरी. एकाच आवारात काम करणाऱ्या माणसांना असे वेगवेगळे नियम का, याचं पटेल असं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

आणि ती 1 जून तरी तुमची कुठे? आजी सांगायची, तुमच्या जन्माच्या वेळी गणपती बसले होते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी नाव घालताना 1 जून लिहून टाकलं. तारीख दुरुस्त करायला नोकरी लागल्यापासून पाच वर्षांची मुदत असते, ती केव्हाच गेली. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून तुमची 31 मे. तुमच्यासारखे कितीतरी जण राज्यभरात त्याच दिवशी बाहेर पडतील.

आता इथलं सांगते. जपानमध्ये सरकारी नोकरांचं निवृत्तीचं वय 60 होतं आणि पेन्शन सुरू होते 65 ला. मधली पाच वर्षं माणसाने खायचं काय, हा प्रश्न होता. शिवाय तरुणांची संख्या घटतेय, कामाला माणसं मिळत नाहीत. म्हणून 2021 मध्ये कायदा बदलला, पण वय एकदम वाढवलं नाही. एप्रिल 2023 पासून 61, 2025 पासून 62, आणि असं दर दोन वर्षांनी एकेक करत 2031 मध्ये 65. ज्या वर्षी वय वाढतं, त्या वर्षी वयामुळे जवळजवळ कोणीच निवृत्त होत नाही. म्हणजे नव्या मुलांसाठी जागाच उरल्या नसत्या. ते ओळखून सरकारने काही काळापुरती जादा पदं मंजूर केली आणि भरती चालू ठेवली. छोटू, हे वाक्य तुझ्यासाठी आहे.

बाबा, पुढचं तुमच्यासाठी. इथे 60 झाल्यावर पगार आधीच्या 70 टक्क्यांवर येतो आणि अधिकारपद सोडावं लागतं. आमच्या भागातल्या पालिकेच्या कचेरीत एक गृहस्थ आहेत, पूर्वी विभागप्रमुख होते. आता ते खिडकीवर बसतात, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली बाई त्यांची साहेब आहे. माझ्या व्हिसाच्या वेळी एका कागदाचं कोडं तिला सुटेना, तेव्हा तिने त्यांनाच हाक मारली. ते उठून आले, दोन मिनिटांत सांगितलं आणि परत जागेवर जाऊन बसले. तुम्हाला हे जमेल का, हे मला खरोखर विचारायचं आहे. कालच्या कनिष्ठ अभियंत्याने सही करायची आणि तुम्ही टिपण तयार करून द्यायचं, तेही कमी पगारात. महासंघाच्या मागणीत दोन वर्षं जास्त आहेत. खुर्ची सोडण्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. राज्याने 60 करावं, पण असं. खुर्ची 58 ला सोडायची, पुढची दोन वर्षं शिकवायला द्यायची, आणि भरती एका वर्षासाठीही थांबवायची नाही. कालव्याचं कुठलं गेट कधी अडकतं, आवर्तनाच्या (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीच्या) वेळी कोणत्या गावात भांडण होतं आणि ते कोणाशी बोलून मिटतं, हे फायलीत नसतं. ते तुमच्या डोक्यात आहे आणि 31 मेला तुमच्याबरोबर घरी जाणार. मग वर्षभराने तुमच्यातल्याच कोणालातरी करारावर परत बोलावतात. त्यापेक्षा आधीच नीट सोय केलेली काय वाईट?

छोटू, तुझा राग मला कळतो. खुल्या गटात 38 ची मर्यादा आहे आणि जाहिरात वेळेवर निघत नाही, यात तुझा काय दोष? पण राज्यात मंजूर पदांपैकी लाखांच्या घरात जागा आजही रिकाम्या आहेत. त्या बाबांनी अडवलेल्या नाहीत. ते 31 मेला उठले तरी त्यांच्या जागी लगेच कोणी येईल, याची खात्री तू देऊ शकतोस का? भांडायचं तर भरतीच्या वेळापत्रकासाठी भांड, मी तुझ्या बाजूने आहे. बाबा 2005 च्या नोव्हेंबरआधी लागले, म्हणून त्यांना शेवटच्या पगारावर ठरणारी जुनी पेन्शन. तू लागशील तेव्हा ती नसेल, त्यामुळे किती वर्षं नोकरी होते याचा हिशोब तुझ्यासाठी त्यांच्याहून जास्त महत्त्वाचा ठरेल. आज ज्या 60 ला तू शिव्या देतोस, ते उद्या तुलाच हवं असेल.

बाबा, एक कळकळीची विनंती. शासन निर्णय येईल या आशेवर कागद अडकवून ठेवू नका. सेवापुस्तकाची वेतन पडताळणी झाली का? पेन्शनचं प्रकरण महालेखापालांकडे गेलं का? मागच्या खेपेला तुम्ही "बघू" म्हणालात, त्याची मला काळजी वाटते. अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं, 40 टक्क्यांपर्यंत करता येतं, पण विकलेला भाग परत मिळायला 15 वर्षं लागतात; घराचं कर्ज फिटलेलं असताना एवढी रक्कम उचलायची गरज आहे का, ते आईशी बोलून ठरवा. ना-देय प्रमाणपत्रासाठी (तुमच्याकडे कचेरीचं काही येणं नाही, असा दाखला) शेवटच्या आठवड्यात धावपळ नको.

यंदा 31 मे रविवारी येतो, म्हणजे निरोप समारंभ शुक्रवारी 29 ला असेल. मी 27 तारखेला पोहोचेन असं तिकीट काढते आहे. रजा मंजूर झाली आहे.

आईला नमस्कार, छोटूला आशीर्वाद.

तुमची,
ताई