रेवाला पत्र: फार्म डीच्या शेवटच्या वर्षाबद्दल

धनकवडी, पुणे
15 जून 2025

प्रिय रेवे,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला, साडेसहा मिनिटांचा, त्यातली चार मिनिटं मागे काका गिऱ्हाइकाकडे सुट्टे मागतायत. बी फार्म करून सासवडच्या मेडिकलमधे बसून कंटाळा आलाय तर पोस्ट बॅकॅलॉरिएट फार्म डी, म्हणजे बी फार्मनंतरचं तीन वर्षांचं डॉक्टर ऑफ फार्मसी, करू का, एवढाच तुझा प्रश्न ना? पहिल्या दोन वर्षांचं तुला कुणीही सांगेल, मी फक्त तिसऱ्याचं, हॉस्पिटलमधल्या इंटर्नशिपचं लिहिते, कारण गाडी अडते ती तिथंच.

सहा महिने जनरल मेडिसिन, मग दोन-दोन महिने तीन वेगळे विभाग. माझं मेडिसिन डिसेंबर ते मे झालं, आता पीडियाट्रिक चालूय. नियमात इंटर्नशिपसोबत रेसिडेन्सी असाही शब्द आहे, पण एमडीच्या रेसिडेंटसारखं काही डोळ्यांपुढे आणू नकोस. अमेरिकेत फार्म डी झाल्यावर पीजीवाय वन म्हणून हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगचं वेगळं वर्ष असतं, मॅच नावाच्या देशभरच्या निवडीतून जागा मिळते, पगार मिळतो, पुढे आयसीयू नाहीतर कॅन्सरमधेच काम करायचं असेल तर पीजीवाय टू. आणि मी इथं फी भरून उभी! उभी म्हणजे खरंच उभी, पहिला महिनाभर नर्सिंग स्टेशनवर मला खुर्ची नव्हती. एका डॉक्टरांनी माझ्याकडे न बघताच, औषध कंपनीची माणूस समजून सांगितलं, मॅडम, एमआरची वेळ दुपारी दोननंतर. आपल्याकडे फार्म डी 2008 ला सुरू झालाय गं, तरी ही गत.

मग जानेवारी आला. जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे या नसांच्या आजाराचे पेशंट आठवतायत ना, पुण्यातल्या सिंहगड रोड, किरकटवाडी, धायरी, नांदेड गावाकडचे? अंगातली ताकद पायांपासून जायची, आज चालत आलेला माणूस उद्या ग्लास धरू शकत नाही. त्याला आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून अँटिबॉडी देतात, किलोला 2 ग्रॅम, पाच दिवसांत वाटून. एक आजोबा होते 60 किलोचे, म्हणजे रोज 24 ग्रॅम, आणि व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, 5 ग्रॅमची. ऑर्डरप्रमाणे गेलं तर रोज 5 फोडायच्या, 1 ग्रॅम बेसिनमधे, पाच दिवसांत 25 व्हायल. आणि त्यांचा मुलगा एकेका व्हायलच्या पैशासाठी फोन लावत जिन्यात बसलेला. मी चार दिवस 25 ग्रॅम आणि पाचव्या दिवशी 20 असं मांडून मेडिसिनच्या सरांना दाखवलं, टोटल तेच 120, व्हायल 24. सर हं म्हणाले आणि सही केली. बास, एवढंच. पण त्या हं वर मी आठवडाभर हवेत होते, हसू नकोस.

हवेतून खाली मोठ्या सिस्टरांनी आणलं. सुरुवातीला ताशी 30 एमएल, मग हळूहळू वाढवत न्यायचं, असा मी छान तक्ता करून दिला. त्या म्हणाल्या, बाळा, पंप कुठाय? वॉर्डात औषधाचा वेग सांभाळणारे पंप दोन आणि दोन्ही अडकलेले. मग त्यांनीच शिकवलं, मायक्रोड्रिप सेटला, म्हणजे बारीक थेंबांच्या सलाइनच्या नळीला, 60 थेंबांचा एक एमएल, म्हणजे ताशी जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब, 30 ला 30. घड्याळ धरून थेंब मोजले मी त्यांच्याबरोबर. सहा वर्षं शिकूनही हे मला माहीत नव्हतं, चार वर्षं बी फार्मची धरून बरं का.

आता खरी जळजळ. असं आपण जे सुचवतो ना, किडनीप्रमाणे डोस कमी करा, नळीतून फीड चालू असताना फेनिटॉइन हे फिटचं औषध देऊ नका नाहीतर ते अंगात नीट शोषलंच जात नाही, ते सगळं आमच्याकडे एका रजिस्टरमधे लिहायचं आणि रजिस्टर कपाटात. पेशंटच्या फाइलला आम्ही हात लावायचा नाही. संध्याकाळची ड्युटी बदलली की सकाळी सांगितलेलं हवेत, परत तेच तोंडी सांगत फिरायचं. आणि शिकवायला क्लिनिकल फार्मासिस्ट एकच, आम्ही अकरा जण, बिचाऱ्या मॅडम ऑडिटच्या फायली करण्यातच निम्म्या संपल्या.

त्यामुळे रेवे, कॉलेजचा रँक, बिल्डिंग वगैरे बघत बसू नकोस. ज्या हॉस्पिटलला पाठवणार तिथं जाऊन शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींना गाठ, कॅन्टीनमधे सापडतात, आणि एकच विचार, तुम्ही लिहिलेलं कुठं जातं? फाइलमधे म्हणाले तर डोळे झाकून घे अॅडमिशन. रजिस्टर म्हणाले तर मग काकांशी भांडण करण्याआधी दोनदा विचार कर. आणि नावापुढे डॉक्टर लागावं म्हणून करणार असशील तर नको, माझी आजी अजून सगळ्यांना सांगते, आमची तेजू दवाखान्यात गोळ्या मोजते.

मंगळवारी येतेस का? राउंड नऊला सुरू होतो, मी मॅडमना विचारून ठेवते. सासवडहून सातची एसटी धर, एप्रन माझा घाल, आणि चपला नको, बूट घालून ये, चार तास टेकायला मिळत नाही.

तुझी,
तेजू