वरचा सा लागेना

आर्णी तालुका, जि. यवतमाळ
कार्तिक महिना

प्रिय गड्या,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीला आला होतास तेव्हा ऑसिलेटरचा, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या यंत्राचा, बोर्ड टेबलावर उघडा पडला होता. तो आता सुरात आला. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून कापसाची पहिली वेचणी आटोपल्यावर लिहायला बसलो.

तुला ठाऊकच आहे, त्याला दोन इनपुट ठेवले आहेत. एकावर की-बोर्ड, दुसऱ्यावर पट्टी बदलायचा नॉब. प्रार्थनेला माणसं काळी एकमध्ये गातात, बायांचं भजन काळी चारला जातं. एका सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे अर्ध्या स्वराला ८३.३ मिलिव्होल्ट. तेवढे नॉबने वाढवले की पट्टी बदलली पाहिजे. पण पहिल्या इनपुटच्या जॅकला एक व्होल्ट दिला की वरचा सा लागायचा, आणि तोच व्होल्ट दुसऱ्याला दिला की सूर अर्ध्यातच अडायचा.

दोन रात्री मी भलतीकडेच शोधत होतो. दोन्ही इनपुटची बेरीज करणारी आयसी आहे टीएल०७२; तिच्या दोन नंबरच्या पिनेवर मीटर लावला तर शून्य. मला वाटलं, सिग्नल ग्राउंडला चाललाय. आयसी बदलली, जॅक बदलला, फरक नाही. मग पहिल्या इनपुटवर मोजलं, तिथंही शून्यच! तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या पिनेवर शून्य असायलाच हवं. आयसी आउटपुटकडून प्रवाह फिरवून ती पिन शून्यावर धरून ठेवते. एका व्होल्टला १०० किलोओममधून १० मायक्रोअँपिअर येतात, दोन्ही इनपुटचे असे प्रवाह तिथं एकत्र होतात. तिथं व्होल्ट शोधण्यात अर्थच नव्हता.

मग ट्रिमर, म्हणजे बोर्डावरचा सूर जुळवायचा बारका स्क्रू, फिरवून दुसऱ्याचा सूर जुळवला, तर पहिला बिघडला. खरी खूण हीच होती. ट्रिमर बेरजेच्या पुढं आहे, म्हणजे दोष बेरजेच्या आधी. तिथं दुसऱ्या इनपुटचं स्वतःचं असं काय आहे? एक जॅक आणि एक रेझिस्टर. जॅक तर नवा लावला होता.

तेवढ्यात बाबा रात्रीच्या ओलितावर निघाले होते, ते दारातच थांबले. म्हणाले, "हा वरचा सा नोहे बाबू, कोमल नी होय." मी पेटी काढली. खरंच कोमल नी. दोन व्होल्ट दिले तर वरच्या सप्तकातला कोमल ध, तीन दिले तर त्याच्याही वरच्या सप्तकातला तीव्र म. दर व्होल्टला दहाच अर्धे स्वर! नुसता सूर सरकला असता तर तूट सगळीकडे सारखी राहिली असती. इथं ती व्होल्टागणिक वाढत होती. बाराऐवजी दहा, म्हणजे रेझिस्टर १०० च्या जागी १२०.

वीज बंद करून त्याचा एक पाय सोडवला. मीटरवर ११९.६ किलोओम. लोडशेडिंगमध्ये मोबाइलच्या उजेडात जोडताना निळ्या अंगावरचा दुसरा पट्टा लाल (म्हणजे २) होता, तो मी काळा (म्हणजे ०) समजलो होतो. गड्या, माझं मीटर दोन रात्री जे सांगू शकलं नाही, ते बाबांच्या कानानं एका सुरात सांगितलं. चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवलेला कान आहे तो. मला फार भरून आलं.

नवा रेझिस्टर लावताना दहा मोजले आणि पहिल्या इनपुटच्या सगळ्यात जवळचा निवडला. एक टक्का कमी-जास्तीचे असले तरी एक वर आणि एक खाली निघाला, तर सप्तकामागे दोन टक्के, म्हणजे जवळजवळ पाव अर्धस्वर फरक पडतो. पेटीसोबत तो लगेच टोचतो. आणि नॉबचे व्होल्ट मोजताना त्याची वायर जॅकमध्ये घालूनच मोजत जा. मोकळे मोजले तर ते जास्त दिसतात; जॅकमध्ये घातल्यावर नॉबच्या पॉटवर (फिरत्या रेझिस्टरवर) इनपुटचा भार पडून ते उतरतात.

आता पहाटेच्या थंडीत सूर सरकतो, ते बघायचं बाकी आहे. पुढच्या वेळी येताना तुझा तो तापमानाचा रेझिस्टर घेऊन ये, आणि दोन दिवस राहायच्या बेतानंच ये. बाबा पेटी बसवून घेतायत. काळी चारमध्ये दोघांना सोबत वाजवायचं आहे.

मायनं तुझ्यासाठी तुरीच्या ओल्या शेंगा राखून ठेवल्या आहेत.

तुझाच
दोस्त