‘थांब, आईला देतो’

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला आणि नेहमीसारखं मी ‘थांब, आईला देतो’ म्हटलं. पलीकडे तू जरासा थांबलास, ते मला जाणवलं. तुला ठाऊक नसेल, फोन आईकडे दिला की मी टीव्हीचा आवाज बंद करून तिथेच बसतो.

ही सवय अण्णांची, तुझ्या आजोबांची. ते मुंबईत लालबागला कापडगिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. दर महिन्याला मनिऑर्डर यायची. फॉर्मच्या खाली निरोपाला दोन ओळींची जागा असे. तो तुकडा पोस्टमन पैशांबरोबर द्यायचा. अण्णा लिहीत, ‘पैसे पाठवले आहेत. मुलास वह्या घेणे.’ तुझ्या आजीने ते सगळे तुकडे तारेत खोवून ठेवले होते, चुलीच्या धुराने पिवळे पडलेले. गावी आल्यावर मात्र अण्णांनी माझ्यापाशी वह्यांचा विषय कधी काढला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मनिऑर्डर बंद झाली आणि पावसाआधी अण्णाच ट्रंक घेऊन घरी आले. दिवसभर पडवीत बसून असायचे. गिरणीबद्दल शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटायचं, माझ्यावरच रागावलेत. न बोलता कळतं, असं लोक म्हणतात. मला नाही कळलं. पैसे पाठवणं हेच ज्या बापाचं बोलणं, त्याने पैसे थांबल्यावर बोलायचं तरी कशाने, हे आता सुचतं. तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही आणि ते गेले.

१९८३ च्या मार्चमध्ये माझी दहावी, केंद्र देवरुखला. प्रत्येक पेपरला अण्णा सोबत चालत आले आणि सुटेपर्यंत बाहेर आंब्याखाली बसून राहिले. परतताना शब्द नाही, रुमालातले शेंगदाणे तेवढे पुढे केले. मला ती पाळत वाटली होती.

तुझ्या बारावीला, रत्नागिरीत, पेपर सुटल्यावर तू विचारलंस, ‘बाबा, तुम्ही गेला नाहीत अजून?’ मी म्हटलं, एसटी चुकली.

एसटी चुकली नव्हती रे. बाराची आली होती, दीडचीही आली होती. दोन्ही माझ्यासमोरून गेल्या.

रविवारी फोन कर. आईला लगेच देणार नाही. सुरुवातीला मला काही सुचणार नाही, तेवढं थांब.

तुझे
बाबा