फुंकर मारलेली कॅसेट आणि बंद पडलेला गेम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये केला, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला लिफ्टमध्ये गाठून ‘आता तुमचं कसं व्हायचं?’ असं काळजीने विचारलं. रमी आणि रेसिंगचा गेम त्यांच्या लेखी एकच! वर्तमानपत्रांतही गेम दिसतात ते व्यसनाच्या नाहीतर जुगाराच्या बातमीत. आम्हा खेळणाऱ्यांची खरी तक्रार तिसरीच आहे.

‘द क्रू’ हा युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ साली आला. अख्खी अमेरिका आटवून त्यात बसवली होती. एका किनाऱ्यावरून निघावं आणि गाडी हाकत दुसऱ्या किनाऱ्याला पोचावं. मात्र एकट्याने खेळायचं म्हटलं तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी हवीच. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि गेमही संपला. ज्यांच्याकडे डिस्क होती, त्यांच्याही हाती नुसती चकती उरली. पुढे तर अनेकांच्या खात्यांतून त्याचा परवानाच काढून घेतला गेला. दुकानदाराने विकलेली खुर्ची दहा वर्षांनी घरात शिरून उचलून न्यावी, तसं हे.

यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. सर्व्हर जन्मभर चालवा, असं तिचं म्हणणं नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढंच. युरोपीय महासंघात अशा नागरिक-अर्जाला १० लाख सह्या लागतात. तो आकडा जुलै २०२५मध्ये पार झाला. खर्च परवडणार नाही, असं कंपन्यांची संघटना म्हणते. हजारो लोक एकाच वेळी खेळतात अशा गेमबाबत मला ते थोडंफार पटतं. पण याच युबिसॉफ्टने पुढे ‘द क्रू २’ला ऑफलाइन खेळायची सोय करून दिलीच ना? आणि मूळ गेमसाठी तर चाहत्यांनीच खटपट करून स्वतःचा सर्व्हर उभा केला.

आमच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम आहे. कॅसेट अडली की काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. (फुंकरीने काही होत नाही, उलट तोंडातला ओलावा आत जातो, हे फार उशिरा कळलं.) गेल्या दिवाळीत भाच्याला लावून दिली, तर तिसऱ्या फुंकरीला चालू! त्याच्या मोबाइलमधले किती गेम तीस वर्षांनी उघडतील, देव जाणे.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून नवा नियम आहे : डिजिटल वस्तूपुढे ‘खरेदी करा’ असं लिहायचं, तर मिळतोय तो काढून घेता येण्याजोगा परवाना, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. त्याच्या थोडं आधीपासून स्टीम या ऑनलाइन दुकानातही पैसे भरताना तशी ओळ दिसू लागली. निदान फसवणूक तरी उघड्यावर आली! आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या १३ लबाड्यांची यादी काढली. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, खोटी घाई करायला लावणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं वगैरे. परवाना देऊन त्याला ‘खरेदी’ म्हणणं तिथे वेगळं नोंदलेलं नाही. गेमचं सोडा, ई-पुस्तकं आणि ऑनलाइन घेतलेले सिनेमेही याच वाटेने जातात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हा विषय हाती घ्यावा, आपणही त्यावर एखादा लेख छापावा. त्या यादीत चौदावी लबाडी घालायला काय हरकत आहे?

आपला,
एक वाचक, डोंबिवली