टूलकिट नंतर, जॅक स्टँड आधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पुण्यातल्या डहाणूकर कॉलनीत हल्ली रविवारी सकाळी पार्किंगमध्ये दोन-चार बॉनेट उघडी दिसतात. कारण उघड आहे. सर्व्हिसिंगच्या बिलात ऑइल आणि फिल्टरच्या खाली इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, अमुक ट्रीटमेंट अशा ओळी वाढत जातात आणि जुनी गाडी बाळगणाऱ्याला ते परवडत नाही. घरच्या घरी जमेल तेवढे करावे, हे मला पटते, मीही करते. पण आधी काय विकत घ्यायचे याचा क्रम बहुतेकांचा उलटा असतो, म्हणून हे पत्र.

सुरुवात होते ती ऑनलाइन मागवलेल्या, शंभरावर नग असलेल्या टूलकिटने. पेटी देखणी असते यात शंका नाही, पण त्यातल्या निम्म्या गोट्या (सॉकेट) कधी जागच्या हलत नाहीत. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. वर्षाच्या तुटपुंज्या पैशांत परीक्षानळ्या आणि आम्ल आधी, कपाटात मिरवायची मॉडेल्स नंतर, ही सवय अंगात मुरली आहे. गाडीलाही मी तोच नियम लावते.

पहिली वस्तू फुकट आहे: गाडीची माहितीपुस्तिका. डॅशबोर्डच्या कप्प्यातली हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळते. ऑइल कोणत्या ग्रेडचे, किती लिटर, किती किलोमीटरला बदलायचे, सगळे त्यात असते. धुळीत आणि सतत छोट्या अंतरासाठी चालणाऱ्या गाडीची तपासणी लवकर करावी, असा वेगळा तक्ताही बऱ्याच पुस्तिकांत असतो. कर्वे रोडच्या गर्दीत रोज दोन-तीन किलोमीटर रांगणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. दुकानात "ताई, हे जाड ऑइल घ्या, जुन्या गाडीला बरं" असे सांगणारे भेटतात. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ही ग्रेड लिहिली असेल तर ५डब्ल्यू-३०च घ्यावे. पाने (स्पॅनर) कमी घेतले तरी चालतील, पण इंजिनाच्या पोटात जाणाऱ्या वस्तूत काटकसर नको. नाना पेठेत फिल्टर घेताना पक्के बिल मागावे आणि ऑइलच्या डब्याचे सील बघून घ्यावे. आणि हो, रिकामा झालेला डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडावे, म्हणजे त्यात कोणी भलतेच भरून विकणार नाही.

दुसरे, पहिल्या वर्षी गाडीखाली जाऊच नये. बॉनेट उघडून करायची कामे काय कमी आहेत? एअर फिल्टरला अनेक गाड्यांत क्लिपा काढण्यापलीकडे काही लागत नाही. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून निघते. त्याआधी निगेटिव्हची वायर सोडवायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, इंजिन थंड असतानाच बघायचे. पाणी मिसळून वापरायचे (कॉन्सन्ट्रेट) प्रकारचे असेल तर त्यात नळाचे किंवा बोअरचे नव्हे, डिस्टिल्ड वॉटर घालायचे. या सगळ्याला चांगल्या पोलादाचे चार-पाच पाने, एक पक्कड, एक स्क्रूड्रायव्हर आणि तपकीर गल्लीतला साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे यंत्र) पुरतो. इंजिन बंद करून गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दाखवत असेल, तर "बॅटरी गेली" म्हणणाऱ्याला शांतपणे नाही म्हणता येते. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) गरजेनुसार व्होल्टेज कमी-जास्त करते, तिथे हा आकडा थोडा वेगळा दिसेल.

ऑइल स्वतः बदलायचे ठरले की मात्र पाना घेण्याआधी जॅक स्टँडची (उचललेली गाडी खालून पेलणाऱ्या लोखंडी आधारांची) जोडी घ्यावी. याबाबत मी हट्टी आहे. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो आणि नुसत्या त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, अशी ताकीद पुस्तिकेतच छापलेली असते. तरीही विटा रचून, जुनी चाके सारून खाली झोपणारे मी पाहिले आहेत. वीट भाराखाली तडकते, आणि तडकण्याआधी सांगत नाही. सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे आणि कंपनीने सांगितलेल्या जागीच टेकवलेले स्टँड, एवढे जमत नसेल तर ऑइल कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून बदलून घ्यावे. ऑइल-फिल्टर आपण नेले तर कित्येक जण फक्त मजुरी घेतात.

त्यानंतर टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना. स्पार्क प्लग (पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) इंजिनाच्या ज्या हेडमध्ये बसतो ते बहुतेक गाड्यांत मऊ ॲल्युमिनियमचे असते. प्लग तिरका जाऊन आटे गेले तर वाचवलेले सगळे पैसे एका फटक्यात जातात. म्हणून आधी हाताने फिरवायचा आणि शेवटचा आवळा मोजून द्यायचा. हा पाना वर्षातून एक-दोनदा लागतो, तेव्हा सोसायटीत वर्गणी काढून एकच घेतला तरी भागते. (आमच्याकडे गणपतीची वर्गणी जमते, मग याची का जमू नये?) बोहरी आळीत चौकशी करून घ्यावा, जुन्या बाजारातला घेऊ नये, कारण मोजायचेच हत्यार चुकीचे असेल तर त्याचा उपयोग काय?

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष-कोड वाचणारे यंत्र, मी सर्वांत शेवटी ठेवते. तो हवा तर जरूर घ्यावा, पण तो तक्रार सांगतो, दोषी पार्ट नव्हे. एका सिलिंडरचा मिसफायर (इंधन नीट न पेटणे) दाखवला की लोक थेट नवी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) आणतात. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून शेजारच्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करून बघावी. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल, जागीच राहिला तर दुसरे काही. या चाचणीला एक रुपया लागत नाही.

आता महापालिकेसाठी. वापरलेले इंजिन ऑइल केंद्र सरकारच्या २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४पासून ते गोळा करून त्यावर पुनर्प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवर टाकली गेली आहे. पण घरी ऑइल बदलणाऱ्याने ते तीन लिटर काळे ऑइल न्यायचे कुठे? मी ते डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात ओतते. पुढे ते कोणाकडे जाते, हे गॅरेजवालाही नीट सांगत नाही. काही जण सरळ पावसाळी गटारात सोडतात. तिथून ते मुठेत, मुठेतून भीमेत आणि पुढे उजनी धरणात. महापालिकेच्या सगळ्या क्षेत्रीय कार्यालयांत महिन्यातून एक रविवार अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याचे पिंप ठेवले आणि ऑइल विकणाऱ्या दुकानदारांनाही जुने परत घ्यायला लावले, तर निदान आमच्या पार्किंगमधले ऑइल गटारात जाणार नाही.

आपली,
एक वाचक
डहाणूकर कॉलनी, कोथरूड, पुणे
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)