लिंक्डइनवर 'ॲक्सेप्ट' दाबण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम जवळ आला की सांगली-मिरजेतल्या अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या मुलांत लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या समाजमाध्यमावर कनेक्शन, म्हणजे जोडलेल्या ओळखी, वाढवण्याची चढाओढ लागते. पाचशेच्या पुढे गेले की प्रोफाइलवर खरा आकडा न दिसता नुसते '५००+' दिसते, म्हणून तो टप्पा प्रतिष्ठेचा होऊन बसला आहे. भरती करणारा माणूस या आकड्याकडे पाहून कोणाला बोलावत नाही. तो मुलाचे प्रोजेक्ट पाहतो, आणि आपल्या माहितीतला कोणी त्या मुलाच्या यादीत दिसला तर त्याला फोन करतो. तिकडून "कोण तो? आठवत नाही बुवा" असे उत्तर आले, की असलेल्या ओळखीपेक्षा नसलेली परवडली असती.

कनेक्ट झाल्यावर आपण काय देऊन बसतो, हे आधी पाहावे. सेटिंग बदललेले नसेल तर समोरच्याला आपला ईमेल पत्ता दिसू शकतो, आपल्या ओळखींची यादी चाळता येते आणि थेट मेसेज टाकता येतो. फॉलो केले तर त्याचे लिखाण आपल्याला दिसते, बाकी काही जात नाही. मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्याचे विचारच वाचायचे असतील तर फॉलो पुरते.

मग जोडून घ्यायचे कोणाला? वर्गातली साठ मुले एकमेकांना जोडलेली असतात, पण त्या साठांनाही जागा सुटल्याची तीच बातमी कळते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडले होते की नोकरीची नवी खबर जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून येते. लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी सदस्यांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात छापून आला. त्याचा निष्कर्ष थोडा बारीक आहे: मध्यम दुरावा असलेली ओळख सर्वांत कामाची, अगदीच नाममात्र ओळख तितकी नाही. आपल्याकडे याचा अर्थ दोन-तीन वर्षे पुढचे सीनियर, इंटर्नशिपमध्ये काम दाखवणारे सुपरवायझर, कुपवाड किंवा पलूसच्या कारखान्यात आपल्याच विषयावर काम करणारे इंजिनिअर. गुरगावच्या अनोळखी 'करिअर कोच'चा यात नंबर लागत नाही.

विनंती पाठवताना सोबत ओळ लिहावी. मोफत खात्याला अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात आणि त्याही २०० अक्षरांच्या आत, म्हणून त्या राखून वापराव्यात. "आपण सीएनसी विभाग पाहता. मी शेवटच्या वर्षाला टूल झिजण्यावर प्रोजेक्ट करतो आहे, त्याबद्दल एक शंका विचारायची आहे," एवढे पुरे. मोबाइलवर थेट 'कनेक्ट' दाबले तर बहुतेकदा चिठ्ठीविना विनंती जाते. तीन टिंबांच्या मेनूत चिठ्ठीचा पर्याय सापडतो. फोनमधले सगळे नंबर ॲपला देऊ नयेत, नाहीतर एका चुकीच्या टिचकीने गॅस एजन्सीपर्यंत सगळ्यांना आमंत्रण जाते. सरसकट पाठवलेल्या विनंत्या पडून राहिल्या किंवा लोकांनी 'मी यांना ओळखत नाही' असे कळवले, तर खात्याच्या विनंत्यांवर बंधन येते. पाठवलेली विनंती मागे घेतली, तर त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावे लागते.

येणाऱ्या विनंत्यांत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे 'म्युच्युअल कनेक्शन'. बारा ओळखीचे दिसले म्हणजे माणूस खरा, असे नसते. त्या बाराही जणांनी एकमेकांकडे बघून होकार दिलेला असू शकतो. बेदाणा आणि हळदीच्या व्यापाऱ्यांनी परदेशी 'खरेदीदारां'च्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. प्रोफाइलवरच्या 'मोअर'मध्ये 'अबाउट धिस प्रोफाइल' उघडले की खाते कोणत्या महिन्यात सुरू झाले आणि फोटो कधी बदलला ते कळते. पंधरा वर्षांच्या निर्यात-आयातीचा अनुभव आणि खाते गेल्या महिन्यातले, असा मेळ दिसला की थांबावे. पडताळणीची खूणही वाचून घ्यावी: सरकारी ओळखपत्रावरून मिळालेली खूण नाव खरे असल्याचे सांगते, नोकरीचे नाही. नोकरीसाठी कंपनीच्या ईमेलवरून झालेली पडताळणी वेगळी दाखवलेली असते.

नोकरी देणारा दोन मेसेजांत टेलिग्रामवर बोलावू लागला, नोंदणी फी किंवा लॅपटॉपची अनामत मागू लागला, तर तिथेच रिपोर्ट करावे. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.

जुनी यादी साफ करायला संकोच नको. कनेक्शन काढले तरी समोरच्याला सूचना जात नाही. मामेभाऊ रोज सुविचार टाकत असेल तर त्याला न काढता 'अनफॉलो' करता येते, नाते शाबूत राहते! आपल्या ओळखींची यादी इतरांपासून लपवण्याची सोय 'व्हिजिबिलिटी' सेटिंगमध्ये आहे.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांना विनंती, की मुलांना कनेक्शनचा आकडा गाठायला सांगण्याऐवजी शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला दोन तास संगणक प्रयोगशाळेत बसवून ही सेटिंग्ज त्यांच्याच खात्यावर बदलून घ्यावीत आणि प्रत्येकाकडून एक चिठ्ठी लिहून घ्यावी.

— भरती व प्लेसमेंटच्या कामातील काहीजण, सांगली